युद्धकाळातील मदतीचा भार मित्रराष्ट्रांनी कोणत्या हिशेबाने वाटून घ्यावा?

निवृत्त शिक्षक, आर्वी

रशियाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हापासून मदतीचा भार कोणी किती उचलायचा, हा वाद मित्रराष्ट्रांमध्ये सुरू आहे. माझ्या मते प्रत्येक देशाचा वाटा त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात आधीच ठरलेला असावा. तो दर वर्षी तिथल्या राजकारणावर सोडू नये. अमेरिकी काँग्रेसमध्ये सुमारे 61 अब्ज डॉलरची तरतूद कित्येक महिने अडकून पडली आणि एप्रिल 2024 मध्ये मंजूर झाली. तोवर आघाडीवरील युक्रेनी तोफखान्याला गोळे जपून वापरावे लागले.

जर्मनीतील कील येथील अर्थशास्त्र संस्था या मदतीची नोंद ठेवते. एकेका देशाची रक्कम पाहिली तर अमेरिका पहिली येते. उत्पन्नाशी ताडून पाहिले तर मात्र डेन्मार्क आणि एस्टोनिया यांनी दोन टक्क्यांहून अधिक दिले आहे आणि अमेरिका अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. एस्टोनियाची लोकसंख्या जवळपास आपल्या वर्धा जिल्ह्याएवढी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन टक्क्यांचे वजन कळते. आपल्याकडे पांदण रस्त्यावर मुरूम टाकायचा असला की वर्गणी एकरामागे ठरते, आणि ज्याची जमीन जास्त तो जास्त देतो. हेच तत्त्व येथे लागू व्हावे.

शेतकरी, राळेगाव

गुरुजी, एकराचा हिशेब मला अपुरा वाटतो. त्याच पांदणीवर ज्याचे वावर अगदी टोकाला असते, त्याचे पावसाळ्यात त्या रस्त्यावाचून काहीच चालत नाही, म्हणून तो वर्गणीसाठी सर्वांत आधी पुढे येतो. एस्टोनियाची सीमा रशियाला लागून आहे. उद्या संकट आले तर ते प्रथम त्याच्या दारात येईल. पोर्तुगालने त्याच दराने द्यावे, हे तेथील मतदाराला कोणत्या तोंडाने सांगणार? जवळच्याने अधिक द्यावे, हे मला न्याय्य वाटते.

कृषी साहित्य विक्रेता, दर्यापूर

आपण दोघेही फक्त तिजोरीतून गेलेला पैसा मोजत आहात. काळ्या समुद्राचा मार्ग बंद झाल्यावर युक्रेनचे धान्य जमिनीवरून पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि बल्गेरियात उतरले, तेथील भाव पडले आणि मे 2023 मध्ये युरोपीय संघाला या पाच देशांत युक्रेनी गहू, मका, मोहरीवर्गीय तेलबिया आणि सूर्यफूल यांच्या विक्रीवर काही महिने निर्बंध घालावे लागले. संघाने नुकसानभरपाईही दिली, तरी पोलंडचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन सीमेवर बसलेच. सोयाबीनचा भाव आयात तेलामुळे पडताना पाहिलेल्या आपल्या भागाला त्यांचा राग समजावून सांगावा लागू नये. शिवाय जर्मनीने दहा लाखांहून अधिक निर्वासितांना आसरा दिला, तर लोकसंख्येच्या मानाने युरोपीय संघात चेक प्रजासत्ताकाने सर्वाधिक. शाळा, दवाखाने, घरे यांवरील हा खर्च वाट्यात धरला नाही, तर जो देश माणसे सांभाळतो तो कागदावर कंजूष ठरेल.

दारूगोळा कारखान्यातील निवृत्त कामगार, भंडारा जिल्हा

टक्केवारी ठरवून गोळे तयार होत नाहीत, हे मी आयुष्यभराच्या कामावरून सांगतो. युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले होते. मार्च 2024 पर्यंत त्याच्या निम्म्याच्या आसपासच पोहोचले. पैसा नव्हता असे नाही. स्फोटके, त्यांचा कच्चा माल, गोळ्यांची कवचे आणि हातखंडा असलेले कामगार कमी होते, आणि हे काम घाईने केले तर जीव जातो. म्हणून ज्याच्याकडे कारखाना आहे त्याने माल द्यावा आणि ज्याच्याकडे नाही त्याने त्याचे पैसे भरावेत. चेक प्रजासत्ताकाने 2024 मध्ये युरोपबाहेरून गोळे मिळवून देण्याचा पुढाकार घेतला, तो याच रीतीने इतर देशांच्या पैशांवर चालला.

शेतकरी, राळेगाव

हे मान्य, पण मग नफ्याचाही हिशेब करा. 2025 च्या उन्हाळ्यापासून युरोपीय देश अमेरिकी शस्त्रे विकत घेऊन युक्रेनला देऊ लागले आहेत. येथे माल विकणाऱ्याच्या घरी रोजगार राहतो आणि भार केवळ विकत घेणाऱ्यावर पडतो. अशा विक्रीला मदत म्हणून वाट्यात धरू नये.

निवृत्त शिक्षक, आर्वी

निर्वासितांचा खर्च धरावा आणि विक्री धरू नये, या दोन्ही दुरुस्त्या मला मान्य आहेत. जवळच्याने अधिक द्यावे, हे मात्र मान्य नाही. तसे केले तर लहान सीमावर्ती देश दमतील आणि युती नेमकी तेथेच तुटेल. निव्वळ पैसे देणाऱ्याचे काय होते, हेही पाहावे. 1991 च्या आखाती युद्धात जपानने सुमारे 13 अब्ज डॉलर दिले, तरी मुक्त झालेल्या कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रात आभाराची जाहिरात दिली तेव्हा त्यात जपानचे नाव नव्हते. नियम आधी लिहिलेला असता, तर जपानचे योगदान कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहिले नसते.

इतिहासाची विद्यार्थिनी, चिमूर

सर, नियम लिहिलेला असूनही काय होते, हे आपल्याच देशाने अनुभवले आहे. दुसऱ्या महायुद्धात भारताच्या संरक्षण खर्चाच्या वाटणीचा करार ब्रिटन आणि भारत सरकार यांच्यात झाला होता. त्यानुसार ब्रिटनच्या वाट्याचा खर्च भारतात रुपयांत होत गेला आणि त्याबदल्यात लंडनमध्ये पौंडांची नोंद जमा होत गेली. युद्ध संपेपर्यंत ती एक अब्ज पौंडांच्या वर गेली. इकडे नोटा छापल्या गेल्या, महागाई वाढली आणि 1943 मध्ये बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसे मेली. कागदावर भारत ब्रिटनचा सावकार होता.

म्हणून मला टक्केवारीपेक्षा दुसरा प्रश्न मोठा वाटतो: दिलेली रक्कम अनुदान आहे की कर्ज? ब्रिटनने अमेरिकेकडून 1946 मध्ये घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता 2006 मध्ये फेडला. जून 2024 मध्ये जी-7 या सात श्रीमंत देशांच्या गटाने युक्रेनसाठी 50 अब्ज डॉलरचे कर्ज ठरवले, पण ते गोठवलेल्या रशियन मालमत्तेच्या उत्पन्नातून फेडले जावे, अशी त्यात सोय केली. ही वाट मला योग्य वाटते, कारण आक्रमण ज्याने केले त्याच्याकडून वसुलीची ती निदान सुरुवात आहे. अनुदान आणि कर्ज एकाच रकान्यात टाकून कोणी आपला वाटा मोठा दाखवत असेल, तर तो हिशेब मी स्वीकारणार नाही.