चांदीचं कोटिंग असलेला कॅथेटर घ्यावा का?

नाईटड्युटी_सिस्टर: नातेवाईक विचारतात, सिस्टर, नॅनोसिल्व्हरवाला, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं कोटिंग असलेला, भारीतला आणू का? लघवीच्या कॅथेटरसाठी, म्हणजे मूत्राशयात घालायच्या नळीसाठी, माझं उत्तर "नाही" असं आहे. ब्रिटनमध्ये 24 हॉस्पिटलांत 7000च्या वर पेशंटवर ट्रायल झाली, 2012 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. साध्या कॅथेटरला इन्फेक्शन 12.6 टक्के, चांदीच्या मिश्रधातूवाल्याला 12.5. मग जादा पैसे कशाला? पिशवी मूत्राशयाच्या खाली ठेवा, नळीला पीळ पडू देऊ नका आणि गरज संपली की कॅथेटर काढा, दोन दिवस जास्त राहिला तर राहू दे म्हणतात तिथेच घोळ होतो.

पॉलिमरवाला: ताई, तो मिश्रधातू होता, नॅनो नाही. नॅनोकणांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त, त्यामुळे चांदीचे आयन (विद्युतभारित कण) जास्त सुटतात आणि जंतूंच्या प्रथिनांतल्या सल्फरला धरतात. आणि चांदी अगदीच फुकट नाही हो, श्वासनळीत घालायच्या ट्यूबवर 2008 ची ट्रायल बघा, व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया 7.5 वरून 4.8 टक्क्यांवर आला.

नाईटड्युटी_सिस्टर: त्याच ट्रायलमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत, आयसीयूतले दिवसही नाहीत. आणि लघवीचं वेगळं असतं, बरेच दिवस राहिलेला कॅथेटर काढला की टोकाला अंड्याच्या कवचासारखा खरखरीत थर दिसतो, क्षार आणि जंतू एकत्र. चांदी त्या थराखाली गाडली गेल्यावर आयन पोचणार कुणापर्यंत?

ऑर्थो_रेसिडेंट: कॅथेटर काढता येतो, हाडाच्या कॅन्सरनंतर बसवलेला मोठा सांधा नाही काढता येत!! तिथे इन्फेक्शन झालं तर कधीकधी पायच जातो. जर्मनीत म्युन्स्टरला चांदीच्या कोटिंगवाल्या सांध्यात इन्फेक्शन 5.9 टक्के, साध्या टायटॅनियममध्ये 17.6. पेशंट थोडे होते, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, मान्य. तरी माझ्या पेशंटसाठी मी चांदीच मागेन.

हृदयपेशंटचा_मुलगा: शरीरात कायमचं ठेवायचं म्हणूनच जास्त भीती. सेंट ज्यूड कंपनीच्या सिल्झोन नावाच्या हृदयाच्या कृत्रिम झडपांना शिवायच्या कडेवर चांदी होती, इन्फेक्शन टाळायलाच, पण झडपेच्या कडेने गळती जास्त दिसली आणि जानेवारी 2000 मध्ये त्या परत घ्याव्या लागल्या. तोवर हजारो लोकांना बसवून झाल्या होत्या.

पॉलिमरवाला: म्हणून चांदीच सोडायची का? डोस ठरवा, माणसावर नीट ट्रायल करा.

नाईटड्युटी_सिस्टर: करा ना, आधी ट्रायल करा आणि मग विका. सांध्याचं ऑर्थोवाल्यांचं मला पटलं. पण माझ्या वॉर्डात रोज राऊंडला "हा कॅथेटर आज काढायचा का" एवढं विचारायला एक रुपया लागत नाही, तरी ते विचारलं जात नाही.