विसार द्या, पण लेखी अटींवर

जुनं विमान घेताना फोनवर ‘घेतो’ म्हटलं की विक्रेता ते आपल्यासाठी राखून ठेवतो, हे मला पटत नाही. दुसरा कुणी पूर्ण पैसे घेऊन आला की शब्द विरतो. विसार द्याच, पण थेट त्याच्या खात्यात नको, एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तटस्थ तिसऱ्याच्या खात्यात ठेवा. तपासणी होईपर्यंत विमान दुसऱ्याला विकायचं नाही आणि मोठा दोष निघाला तर विसार परत, हे लिहून घ्या. तपासणीला मेकॅनिक मात्र आपला न्या, त्या विमानाची नेहमी देखभाल करणारा नको. सेस्ना १७२ सारखं छोटं चार आसनी विमान वर्षानुवर्षं हँगरमध्ये उभं असेल तर त्याच्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) गंजलेला असू शकतो. म्हणून इंजिन कमी तास चाललंय, याला भुलू नका. लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या उड्डाण-देखभालीच्या नोंदवह्या, पान न् पान वाचा. हो, आणि विमानावर कर्जाचा बोजा आहे का, तेही विसार देण्याआधीच बघा.