अनुभव धागा: लिंबाचं सरबत तुमचंही कधी फसलंय का?

काल घरी पाहुणे यायचे होते. आयत्या वेळी घाई नको म्हणून सकाळीच दहा लिंबांचं सरबत करून जग फ्रीजमध्ये ठेवला. पिळलेल्या साली टाकून देणं जिवावर आलं, त्याही जगातच सोडल्या. संध्याकाळी मामेसासऱ्यांनी पहिला घोट घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, "औषधी आहे वाटतं." कडूजहर झालं होतं! लिंबू पिळायचं, साखर-मीठ-पाणी घालायचं, यात फसण्यासारखं काय असतं, असं इतकी वर्षं वाटत होतं. लिंबू, संत्रं, मोसंबी, कशाचंही चालेल, तुमचे अनुभव लिहा. जमलेलं लिहाच, पण फसलेलं आधी.

*

साली! दुसरं काही नाही. वरच्या पिवळ्या भागात सुगंधी तेल असतं आणि त्याखालचा पांढरा थर कडू. तो तासन् तास पाण्यात राहिला की उतरणारच. मी फक्त पिवळा भाग हलक्या हाताने किसून घेते, साखरेत चोळते आणि तासभर झाकून ठेवते. साखर तेल ओढून घेते, ओलसर होते. मग त्यात रस आणि पाणी, आणि गाळणं. एरवी सरबताला आंबटपणा असतो, पण लिंबाचा वास असतोच असं नाही. हा वास मात्र बाहेरच्या खोलीपर्यंत जातो.

*

आमच्याकडे बियांनी घात केला. वेळ वाचवायला अख्खी लिंबं चिरून मिक्सरमधून काढली. वेळ वाचला, सरबत नाही वाचलं.

*

साली-बिया दोन्ही काढल्या तरी संत्र्याचा रस कडू होऊ शकतो, माझा झालाय. सकाळी काढला तेव्हा मधुर, रात्री तोच कडवट. फळ खराब निघालं समजून घरात वाद झाला. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की फळात एक घटक असतो, जो मुळात कडू नसतो. पेशी फुटून तो आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू. बेंबीवाल्या संत्र्यात हे फार जाणवतं. लिंबातही लिमोनिन असतंच. म्हणून आता रस प्यायच्या वेळीच काढायचा. तयारी करून ठेवायचीच असेल तर पाकाची.

*

पाकावरून आठवलं. लहानपणी आम्ही भावंडं शेवटच्या ग्लाससाठी भांडायचो, कारण न विरघळलेली सगळी साखर जगाच्या तळाशी! आई थंड पाण्यातच साखर घालून ढवळत बसायची. मी एक वाटी साखर, एक वाटी पाणी गरम करते, साखर विरघळली की गॅस बंद. पूर्ण गार झाल्यावरच रस घालायचा. गरम पाकात ओतला तर ताजा वास उडतो. आता सगळे ग्लास सारखे गोड असतात, त्यामुळे माझ्या मुलांना भांडायला काही उरलं नाही. ती दुसरं शोधतात.

*

कडवटपणा थोडाच असेल तर चिमूटभर मीठ घालून बघा, बराच दबतो. चिमूटभर म्हणजे चिमूटभर. आमच्या बाबांनी चमचा वापरला होता.

*

जरा वेगळा अनुभव, पण वाचाच. गच्चीवर वीसेक जणांसाठी लिंबं पिळत बसले होते, भर उन्हात. रस मनगटापर्यंत ओघळलेला, तसाच वाळला. दोन दिवसांनी हात भाजल्यासारखे लाल, मग फोड. डाग जायला कित्येक आठवडे लागले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "उन्हात लिंबं पिळलीत का?" सालीतले आणि रसातले काही घटक कातडीवर असताना ऊन पडलं की असं होतं म्हणे. हिरव्या लिंबांनी जास्त. तेव्हा आधी हात साबणाने धुवा, मग उन्हात जा.

*

बाप रे! हे माहीत नव्हतं.

माझा किस्सा साधा आहे. लेकाला फसफसणारं सरबत हवं होतं, म्हणून त्याने खायचा सोडा घातला, तोही चांगला चमचाभर. फेस ओट्यावरून जमिनीवर. जे उरलं ते आंबटही नव्हतं, कारण सोड्याने आंबटपणा मारून टाकला होता. नुसतं खारट, साबणासारखं. सोडा वॉटर वेगळं आणि खायचा सोडा वेगळा, हे त्याला आता जन्मभर लक्षात राहील. फरशी त्यानेच पुसली.

*

लिंबं स्वस्त असतात तेव्हा मी रस गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एका खाचेत मोजून १५ मिली, ग्लासला दोन वड्या. ताज्याची सर नाही, पण ऐनवेळी बरं पडतं. आणि फ्रीजमधलं लिंबू थेट पिळू नका. थोडं कोमट होऊ द्या, ओट्यावर तळव्याने दाबून फिरवा, रस सहज सुटतो.

*

मंडळी, आभार! आज पुन्हा केलं. साली बाहेर, बिया गाळल्या, पाक कालचा, रस ऐनवेळी, मीठ चिमूटभर. मामेसासरे दोन ग्लास प्यायले आणि म्हणाले, "छान आहे, पण कालच्याला वास जास्त होता."

म्हणून आता साल किसायला घेतली. किसणी बोटाला लागली आणि त्याच बोटाने लिंबू पिळलं. पुढचं लिहीत नाही.