परसातील आडोशासाठी कोणती झुडपे लावावीत? मदत हवी आहे

कुंपणापलीकडून थेट घरात नजर पोहोचत असल्यामुळे परसात उष्ण हवेत टिकणारी, बारमाही हिरवी आणि साधारण ६ ते ८ फूट उंचीची झुडपे लावायची आहेत. कण्हेर कडक उन्हाला आणि पाण्याच्या ताणाला उत्तम तोंड देते, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी असल्याने, घरात लहान मूल असताना ती लावण्यास मन धजत नाही. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण फार लवकर बसतो. कामिनी मला मनापासून आवडते, कारण तिची पाने गर्द व फुले सुगंधी असून ती छाटणीही सोसते. मात्र तिची वाढ सावकाश होते. ती बुंध्यापासून दाट राहावी यासाठी दोन रोपांत किती अंतर ठेवावे, पहिली छाटणी कधी करावी आणि तोवर तात्पुरता आडोसा कशाचा करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.