मध्यस्थी शिकवायची आहे, आधी पीएचडी की प्रत्यक्ष काम?

प्रश्न: कायद्यात पदव्युत्तर शिक्षण झालंय. मध्यस्थी आणि तंटा निवारण शिकवायचंय. थेट पीएचडीला लागू का?

उत्तर: आधी मध्यस्थाच्या खुर्चीत बसा. मी १९ वर्षं हा विषय शिकवतेय, पण खरी शिकले दोन भावांच्या वाटणीत. तीन तास जमिनीवरून खडाजंगी. शेवटी धाकट्याला बाजूला घेऊन विचारलं, "नेमकं काय सलतंय?" बराच वेळ तो पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई गेली तेव्हा मला उशिरा कळवलं." गाठ तिथे होती! व्यवस्थापन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये ग्रंथालयातल्या खिडकीचं उदाहरण दिलं होतं: एकाला खिडकी उघडी हवी, दुसरीला अंगावर वारा नको, शेजारच्या खोलीतली उघडली. मागणीमागची गरज शोधायची, हे मला त्या दिवशी उमगलं.

दुसरा प्रतिसाद: पण प्राध्यापकीत वरच्या पदांसाठी पीएचडी बहुतेक ठिकाणी लागतेच ना?

उत्तर: हो, ती कराच. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक फ्रँक सँडर यांनी १९७६ मध्ये मांडलेली अनेक दारांच्या न्यायालयाची कल्पना, म्हणजे प्रत्येक तंटा त्याला साजेशा मार्गाने (खटला, मध्यस्थी, लवाद) सोडवायचा, ही नीट अभ्यासा. आणि लवादाशी गल्लत नको: लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. विद्यार्थी इथेच अडखळतात.

मूळ प्रश्नकर्ता: मनापासून आभार, मॅडम. उद्याच प्रशिक्षणाची चौकशी करतो.