नावांचा मेळ फाइलसिस्टिमनेच घालावा

लिनक्सवर फाइलींच्या नावांतला लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा (A आणि a) भेद टाळण्यासाठी प्रोग्रामने दरवेळी अख्खे फोल्डर वाचून नावे ताडावीत, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. कारण हजारो फाइली असल्या की ते संथ होते आणि ताडणे व उघडणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा प्रोग्राम तशाच नावाची फाइल तयार करू शकतो. लिनक्सच्या ५.२ आवृत्तीपासून (२०१९) एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) हे काम स्वतः करू शकते, मात्र त्यासाठीची खूण (सेटिंग) फोल्डरला ते रिकामे असतानाच लावावी लागते.

लातूरला आमच्याकडे 'शेतकऱ्यांची यादी' अशा दिसायला तंतोतंत सारख्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये निघाल्या: एकीत 'ऱ' हे एकच युनिकोड (संगणकातील अक्षरांची प्रमाण संकेतपद्धती) चिन्ह होते, दुसरीत 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशी दोन. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसली तरी ही सोय आपल्याला हवीच, कारण ती अशी रूपेही एकच मानते.