भावगीतांचे मागे पडलेले संगीतकार कसे शोधायचे?

अंतरा

दीड तासाचा घरगुती कार्यक्रम बसवायचा आहे. एकूण १४ गाणी, सगळी भावगीतं. चित्रपटगीतं आणि नाट्यपदं नकोत. निवेदनात ज्यांची नावं सहसा ऐकू येत नाहीत, त्या संगीतकारांच्याच चाली घ्यायच्या असं ठरलं आहे. श्रीनिवास खळे, यशवंत देव, बाबूजी (सुधीर फडके), हृदयनाथ मंगेशकर यांची गाणी सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून ती बाजूला ठेवली.

यूट्यूबवर शोधलं की गायक सापडतो. संगीतकाराच्या जागी मात्र काहीच नसतं, नाहीतर चुकीचं नाव असतं. सुरुवात कुठून करावी, आणि सापडलेलं नाव खरं आहे हे कसं पडताळावं? शिवाय ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) काही तबकड्या हाताशी आहेत. त्यांवरून चाल उतरवून घेताना काय सांभाळावं?

जुनी तबकडी

गायकावरून शोधलंत तर संगीतकार सापडणार नाही. एक वही घ्या, तीन रकाने आखा: कवी, संगीतकार, गायक. तिन्ही भरल्याशिवाय गाणं यादीत घेऊ नका. हे का सांगतोय ते एका गाण्यावरून कळेल. 'स्वर आले दुरुनी' ला आवाज सुधीर फडक्यांचा, शब्द यशवंत देवांचे. दोघंही मोठे संगीतकार, त्यामुळे ऐकणारा चाल त्यांच्यापैकी एकाच्या नावावर टाकून मोकळा होतो. चाल आहे प्रभाकर जोगांची. जोग म्हटलं की लोकांना व्हायोलिन आठवतं, पण 'लपविलास तू हिरवा चाफा' ची चालही त्यांचीच (शब्द गदिमांचे, आवाज मालती पांडे यांचा).

जितेंद्र अभिषेकीबुवांनी गायलेली 'शब्दावाचून कळले सारे' आणि 'माझे जीवन गाणे' बुवांचीच रचना समजली जातात. कविता पाडगावकरांच्या, चाली पु. ल. देशपांड्यांच्या. गायक स्वतः संगीतकार असला की ही गल्लत हमखास होते, तेव्हा अशा गाण्यांचा रकाना दोनदा तपासा. उलट काही ठिकाणी गायक आणि संगीतकार खरंच एकच असतो. 'माती सांगे कुंभाराला' ही मधुकर जोशींची रचना गोविंद पोवळ्यांनी स्वतःच चाल लावून गायली.

तुमच्या यादीत माझ्या मते सगळ्यात आधी राम फाटक हवेत. पुणे आकाशवाणीवर त्यांनी केलेलं काम फार मोठं आहे, पण रेडिओसाठी बांधलेलं प्रत्येक गाणं तबकडीवर येत नसे, आणि जे तबकडीवर आलं नाही ते दुकानात, घरात आणि पुढे इंटरनेटवर पोचलं नाही. कवी सुधीर मोघ्यांचं 'सखी मंद झाल्या तारका' त्यांनी आकाशवाणीसाठी भीमसेन जोशींकडून गाऊन घेतलं. नंतर ते सुधीर फडक्यांच्या आवाजात घरोघर गेलं. दोन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच, पण भीमसेनजी स्वर पसरू देतात आणि फडके प्रत्येक शब्दाला टेकतात. दोन इतक्या वेगळ्या गळ्यांना पुरून उरते ती ताकद बांधणीची आहे, आणि ती फाटकांची आहे. 'दिसलीस तू फुलले ऋतू' हेही मोघे आणि फाटक यांचंच.

सुरुवातीला 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ वापरा. तिथे संगीतकाराच्या नावानेही गाणी पाहता येतात. एक नाव धरा, त्यांची दहा गाणी उतरवा, त्यांतले कवी आणि गायक घेऊन पुढे सरका. राम फाटक धरले की सुधीर मोघे हाती लागतात, दशरथ पुजारी धरले की गायिका सुमन कल्याणपूर आणि कवी रमेश अणावकर ('केशवा माधवा'). रोमन लिपीत शोधताना एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघा, आणि 'गजानन वाटवे', 'गजाननराव वाटवे', 'जी. एन. जोशी', 'ग. ना. जोशी' असे सगळे पर्याय टाका.

शेवटचा पुरावा तबकडीच्या लेबलचा. तेही अपुरं असतं: गायक ठळक, कवी बारीक अक्षरात, संगीतकार पुष्कळदा नाहीच. संगीतकाराचं नाव छापलेलं नाही म्हणजे चाल गायकाची, असा अर्थ काढू नका.

कवितेची वही

वरच्या प्रतिसादाला +१. कवितासंग्रहही बाजूला ठेवून बसा. १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, त्यामुळे मुखडा आणि दोन-तीन अंतरे घेऊन बाकीची कविता गाळलेली असते. गाळलेलं कडवं त्याच चालीत बसतं का ते गाऊन बघा. बसलं, तर तुमच्या कार्यक्रमात लोकांनी न ऐकलेलं काही येईल.

भावगीताची सुरुवात जिथून मानतात ते 'रानारानांत गेली बाई शीळ' घ्याच. ना. घ. देशपांड्यांची कविता, चाल आणि आवाज जी. एन. जोशींचा, तबकडी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची. ना. घं.चा 'शीळ' हा संग्रह मात्र १९५४ साली आला. म्हणजे कविता पुस्तकात यायच्या वीसेक वर्षं आधी गाणं लोकांच्या तोंडी होतं. अशा वेळी छापील पाठ आणि गायलेला पाठ दोन्ही वहीत लिहा. जोशी पुढे एचएमव्ही या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, थोरामोठ्यांच्या तबकड्या त्यांनी काढल्या, आणि त्यांच्यातला संगीतकार त्या कामामागे झाकला गेला.

गजाननराव वाटव्यांचं 'गगनि उगवला सायंतारा' (कवी अनिल) आजच्या ताला-वाद्यांच्या भरण्यात अडकवू नका. पेटी आणि तबला पुरे. वाटवे काव्यगायक होते. त्यांच्या गाण्यात कविता पुढे आणि साथ मागे.

कार्यक्रम चित्रित करून इंटरनेटवर टाकणार असाल तर हक्कांचं आधी बघा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६४ सालची तबकडी १ जानेवारी २०२५ पासून मोकळी आहे. कविता आणि चाल यांचा हिशेब मात्र कवी-संगीतकाराच्या मृत्यूपासून ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत हक्क, पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६०. तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं होत नाही.

पेटीवाला

तबकड्यांबद्दल. त्या लाखेच्या आहेत, तेव्हा स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेनेच पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं आणि उभी करून वाळवायची.

सुई एलपीची चालत नाही. एलपीची (३३⅓ च्या तबकडीची) सुई सुमारे ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, ७८ ला सुमारे ३ मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला घासते आणि आवाजापेक्षा खरखर जास्त येते. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) स्टिरिओ असेल तर रेकॉर्ड केल्यावर डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो करा, खरखर बरीच कमी होते. प्लेअरला ७८ चा वेग नसेल तर ३३⅓ वर वाजवून ध्वनिमुद्रण करा आणि संगणकावर वेग २.३४ पट करा. ४५ वर वाजवलंत तर १.७३ पट.

अंतरा

खूपच कामाची माहिती, सगळ्यांचे आभार. एक तबकडी पेटीला लागतच नाही. षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी येतो. गायक बेसूर नक्कीच नाही. काय करावं?

पेटीवाला

वेग चुकला असण्याची शक्यता जास्त. शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर वेगात सुमारे ६ टक्के असतं. ७८ ऐवजी ८० ने फिरली तर अडीच टक्के चढ, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. आधी प्लेअर तपासा: ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेषांची स्ट्रोब चकती येते, रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. साधा बल्ब किंवा ट्यूबलाइट लावा, एलईडीखाली रेषा कळतीलच असं नाही.

प्लेअर बरोबर निघाला तर मूळ ध्वनिमुद्रणच ७८ ला झालेलं नसेल. लेबलजवळच्या मोकळ्या कडेवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) वाचा आणि तोच क्रमांक दिसणारी प्रत इंटरनेटवर शोधा. क्रमांक एक आणि पट्टी वेगळी असेल, तर फरक वेगाचाच. मग वर आणि खाली, दोन्ही पट्ट्यांत ऐका. जास्त वेगात 'स', 'श' टोचतात आणि तबल्याची चाट पत्र्यासारखी वाजते. कमी वेगात आवाज घोगरा होतो आणि शब्द ओढल्यासारखे येतात. जिथे गळा माणसाचा वाटतो ती पट्टी धरा. जुन्या पेट्या आजच्या सुरात लावलेल्या असतीलच असं नाही, तेव्हा थोडा फरक राहिला तर राहू द्या. नोटेशन स-रे-ग मध्ये लिहा आणि पट्टी तुमच्या गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरवा.